पाटीवर 'क्लासेस' लिहू की आणखी काही?

बेरीजवजाबाकी
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण घरात त्यावरून तीन दिवस धुमसतंय, म्हणून इथे आणलाय.

मी सहा वर्षं मुलुंडला राहत्या घरी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. आत्तापर्यंत पाटी नव्हती. दाराबाहेरचा चपलांचा ढीग हीच पाटी. आता त्याच इमारतीत तळमजल्यावरची खोली भाड्याने घेतली आहे, म्हणून पाटी हवी. तीन फूट बाय दीड फूट, पिवळ्यावर निळी अक्षरं. पेंटर रविवारी येणार. मजकूर ठरत नाहीये.

मुलगी म्हणते, 'मॅथ्स क्लासेस', विषय संपला. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. "मराठी माध्यमात शिकलेल्या बाईने दारावर क्लासेस लिहायचं म्हणजे..." असं म्हणून ते थांबतात आणि चष्मा पुसायला घेतात. त्यांना 'गणित वर्ग' हवंय. नवरा म्हणाला 'शिकवणी' लिही, आणि पाचच मिनिटांत स्वतःच म्हणाला, "नको, शिकवणी म्हटलं की लोक फी कमी देतात."

यावरून लक्षात आलं की 'क्लास' हा शब्द मी दिवसातून पन्नासदा वापरते. क्लासला उशीर झाला, क्लासमधली मुलं, फर्स्टक्लासचा डबा, भाजी काय क्लास झालीय. तर पाटीवर काय लिहू? आणि तुमच्याकडे हा शब्द कुठे कुठे भेटतो?

तिखटमीठ
पेंटर अक्षरावर पैसे घेतो का? क्लासेस तीन अक्षरं, शिकवणी चार, वर्ग दोन. सासरेबुवांच्या बाजूने मत.

शून्य_प्रहर
'गणित वर्ग' अजिबात लिहू नका. बाकी कुठल्याही विषयाला चाललं असतं. मराठी वर्ग, चित्रकला वर्ग, ठीक. पण गणिताच्या बाईंच्या दारावर 'गणित वर्ग' म्हणजे गणिताचा घात दोन. पोरं खाली खडूने वर्गमूळ काढून ठेवतील.

बेरीजवजाबाकी
@शून्य_प्रहर, अगं बाई! हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि दोघंही गणिताचेच. सासऱ्यांना वाचून दाखवलं. चष्मा पुन्हा पुसायला घेतलाय.

आठ_बावीसची_फास्ट
पाटीचं मला काही कळत नाही, पण क्लासवरून माझी गोष्ट ऐका.

१९९६ साली बीकॉम झालो. त्रेचाळीस टक्के, म्हणजे पास क्लास. आमचे वडील तसे शांत. गुणपत्रिका बघितली, घडी घातली आणि कपाटात पासबुकांखाली ठेवली. एक शब्द नाही. मी महिनाभर त्यांच्यासमोर जेवायला बसलो नाही. पुढे फोर्टमध्ये एका ऑफिसात चिकटलो. दोन वर्षांनी बढती झाली तेव्हा पहिल्या पगारात ठाणे ते सीएसटी फर्स्टक्लासचा पास काढला. तोवर लटकत जायचो. पास घरी आणून देवापुढे ठेवला. वडिलांनी उचलला, चष्म्याच्या वर धरून वाचला आणि आईला हाक मारली, "अगं ऐकलंस का, पास क्लासवाला फर्स्टक्लासमध्ये पास झाला."

माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात केलेला हा एकमेव विनोद. अजून कुणी पास म्हटलं की मला तोच आठवतो.

उपासाची_मिसळ
@आठ_बावीस, वडिलांना साष्टांग.

पण फर्स्टक्लासमध्ये असतं काय? गाद्या जरा बऱ्या, बाकी तोच घाम. फक्त घामाला डिओचा वास. २०१७ च्या नाताळात बोरिवली ते चर्चगेट एसी लोकल सुरू झाली, तेव्हापासून फर्स्टक्लासवाल्यांचा तोरा उतरला. आता तेही फलाटावर दारं बंद होणाऱ्या गाडीकडे आपल्यासारखेच बघत उभे असतात.

बोळातला_पंडित
शब्दाचं मूळ कुणी काढलं नाही, तर मीच काढतो. लॅटिनमध्ये 'क्लासिस'. त्याचा शाळेशी संबंध नव्हता. रोममध्ये नागरिकांची मालमत्तेप्रमाणे विभागणी करत. परंपरा ती सर्व्हियस टुलियस राजाच्या नावावर घालते. एकंदर पाच वर्ग. कुणी लढाईला कोणती शस्त्रं घेऊन यायचं, मताला वजन किती, हे सगळं त्यावर ठरायचं. आरमारालाही हाच शब्द. म्हणजे मूळ भानगड पैसा आणि फौजेची. मुलांना ओळीत बसवणं फार नंतरचं.

खरी गंमत पुढे. ऑलस गेलियस नावाचा दुसऱ्या शतकातला रोमन लेखक सांगतो की पाचही वर्गांतल्या लोकांना 'क्लासिकी' म्हणत नसत. फक्त पहिल्या वर्गातल्यांना म्हणत. बाकीचे सगळे 'वर्गाखालचे'. म्हणजे नुसतं 'क्लास' म्हटलं की पहिलाच क्लास समजायचा. बेरीजताईंची भाजी 'काय क्लास झालीय', ते अगदी रोमन व्याकरणाने बरोबर आहे.

तिखटमीठ
म्हणजे माझी सासू माझ्या आमटीला 'थर्डक्लास' म्हणते तेही रोमन का?

बोळातला_पंडित
ते रेल्वेचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, त्यानंतर हा शब्द आपल्या तोंडी रुळला असावा असा माझा अंदाज. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या डब्यांच्या दशेवर लिहिलं होतं. पुढे १९७४ साली रेल्वेने थर्ड क्लासच काढून टाकला. गाडीतून गेला, तुमच्या सासूबाईंकडे राहिला.

माझगावचा_मुक्काम
आणि सरकारी नोकरीतला क्लास? कागदावर गट अ, गट ब कधीचे झाले. पण लग्नाच्या बैठकीत जाऊन बघा. "मुलगा क्लास वन आहे." कुणी म्हणतं का, मुलगा गट अ आहे? रक्तगट सांगतोय असं वाटेल.

उपासाची_मिसळ
माझं दुखणं वेगळं आहे. मराठीत तो क्लास. माझा क्लास, क्लास सुटला, क्लास बुडवला. हिंदीत मात्र ती क्लास. 'मेरी क्लास है.' आता दादरच्या अस्सल मराठी घरातली माझी भाची म्हणते, "मामा, माझी क्लास आहे पाचला." दर वेळी माझ्या कानात खडा जातो. बहीण म्हणते, जाऊ दे, क्लासला जातेय ना, मग तो असो नाहीतर ती.

सेमीकोलन
क्लास तो की ती यावर आमच्या ऑफिसात मारामारी होत नाही, कारण आम्ही दिवसभर क्लास लिहितो. प्रोग्रामिंगमधला. एखादी वस्तू कशी असेल, तिच्यात काय काय असेल आणि ती काय करू शकेल, याचा साचा म्हणजे क्लास. मोदकाचा साचा धरा. साचा एक, मोदक हवे तेवढे. सी प्लस प्लस ही भाषा १९७९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नावच 'सी विथ क्लासेस' होतं.

घरून काम करत होतो तेव्हा फोनवर कुणाला तरी म्हणालो, "तो जुना क्लास उडवून टाक, मी रात्री नवीन लिहितो." आई स्वयंपाकघरातून आली आणि हळूच म्हणाली, "नोकरी सोडून क्लास काढतोयस का रे? बाबांना तू सांगणार की मी सांगू?"

शून्य_प्रहर
=)) =))

आजी_ऑनलाइन
तुमच्या गप्पा मजेत वाचते आहे. 'शिकवणी' या शब्दाबद्दल मला थोडं सांगायचं आहे. बेरीजताईच्या यजमानांना फी कमी मिळेल असं का वाटलं, त्यामागे जुनं काही आहे.

आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. दोन खोल्या, पुढे कॉमन गॅलरी. तेव्हा एसएससी अकरावीला असायची. मी नववीत असताना इंग्रजीत नापास झाले, तेव्हा बाबांनी शिकवणी लावली. एक मास्तर संध्याकाळी सहाला यायचे. धोतर, काळी टोपी, बगलेत छत्री, पावसाळा असो नसो. आई पहिलं काम काय करायची, तर बाहेरच्या खोलीचा पडदा ओढायची. शेजारी कुणी विचारलं तर सांगायची, ह्यांच्या गावचे पाहुणे आहेत. कारण शिकवणी फक्त ढ मुलांना. हुशार मूल शाळेत शिकवलेल्यावर भागवायचं. मुलीला शिकवणी लावली म्हणजे तर पुढे स्थळं बघताना अडचण, असंही आईच्या डोक्यात असणार. गॅलरीतून येणाऱ्या जाणाऱ्याचा पाय वाजला की मास्तरसुद्धा आवाज खाली आणायचे. बिचाऱ्यांना कळत होतं.

पुढे माझ्या मुलाच्या वेळी १९८८ मध्ये त्याच शिकवणीचा 'क्लास' झाला, आणि पडद्याची जागा पेढ्यांनी घेतली. क्लासला प्रवेश मिळाला म्हणून शेजारीण पेढे वाटून गेली होती! दोन्हीकडे शिकवणं तेच, पुस्तक तेच. शब्द बदलला आणि त्याचा मान बदलला.

आठ_बावीसची_फास्ट
आजी, नमस्कार. तो छत्रीवाला मास्तर डोळ्यांपुढे उभा राहिला.

बोळातला_पंडित
आजींनी सहज लिहून टाकलेल्या एका शब्दाकडे लक्ष वेधतो. "शिकवणी लावली." आपण क्लासही लावतो. दूध लावतो, पेपर लावतो, डबा लावतो, बाई लावतो, क्लास लावतो. म्हणजे महिन्याचे पैसे ठरवून रोज दारात येणारी किंवा आपण रोज जिथे जाणार अशी सोय. महिना भरला की हिशोब. इंग्रजी शब्दाला हे क्रियापद आपलं लागलं आणि तो आपला झाला. शाळा 'भरते' आणि 'सुटते', तर क्लासही भरतो आणि सुटतो. फक्त शाळेत मुलाला 'घालतात', क्लास मात्र 'लावतात'. शाळा कुणी लावत नाही.

कोरा_कागद
@पंडितकाका, हल्ली उलटं झालंय. माझ्या मुलीचं सांगतो. अकरावीला तिला अशा एका क्लासमध्ये घातलं, ज्याचं एका कॉलेजशी आतून ठरलेलं होतं. क्लासला रोज सहा तास, कॉलेज फक्त प्रात्यक्षिकाला आणि परीक्षेला. दोन वर्षांत तिने कॉलेजचं कँटीन तीनदा पाहिलं. ओळखपत्र कॉलेजचं, दप्तर क्लासचं, टीशर्टही क्लासचा. म्हणजे क्लासमध्ये घातली आणि कॉलेज लावलं.

मार्क चांगले पडले, तक्रार नाही. पण तिला परवा विचारलं, तुझ्या वर्गातली मैत्रीण कोण? तर म्हणाली, "वर्गातली म्हणजे? क्लासमधली का?" मी वर्ग आणि क्लास एकच धरत होतो. तिच्या डोक्यात वर्ग म्हणजे शाळेतली संपून गेलेली गोष्ट.

माझगावचा_मुक्काम
@कोरा_कागद, हे मुंबईतच नाही, सगळीकडे चाललंय. पण 'रात्रीचा क्लास' ऐकलात का कधी? आमचे आजोबा परळच्या मिलमध्ये. पाळी संपवून, अंघोळ करून रात्रशाळेत जायचे. चौतीसाव्या वर्षी सातवी पास झाले. घरात मात्र आजी सांगायची, "ते किलासाक गेलेत." रात्रशाळा हा शब्द तिने कधी वापरला नाही, आणि 'क्लास' तिच्या तोंडून कधी आला नाही. किलास. गावी पत्र लिहायला शिकले त्या किलासात. त्याआधी दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, त्यामुळे तिला पत्रात खासगी काही सांगता यायचं नाही.

उपासाची_मिसळ
@माझगाव, यावर वेगळा धागा काढ. खरंच काढ.

तिखटमीठ
विषयांतर : साहेब आमचा सोमवारी क्लास घेतात. कुठलाही विषय शिकवत नाहीत, नुसते घेतात. आमच्या वेळी 'खरडपट्टी' म्हणायचे.

शून्य_प्रहर
आणि दोस्त 'शाळा' करतात. माझ्याकडून पाचशे घेऊन गायब झाला, म्हणजे माझी शाळा केली. साहेब क्लास घेतो, दोस्त शाळा करतो, बायको धडा शिकवते. शिक्षणातले सगळे शब्द शेवटी मार खाण्यावर का येतात?

पाव_बटर
कारण शाळेत मार खाल्लाय.

आमचा बेकरीचा धंदा आहे, म्हणून एक सांगतो. क्लासवाले म्हणतात सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच. इंग्रजीत बॅच हा शब्द मुळात भट्टीचा, भाजण्याशी नातं असलेला. एका वेळी भट्टीतून निघतील तेवढे पाव म्हणजे एक बॅच. आमची पहिली बॅच पहाटे निघते, बेरीजताईंची सातला. त्यामुळे मुलं चांगली भाजून निघतात हे बरोबर आहे.

बेरीजवजाबाकी
@पाव_बटर, माझी पहिली बॅच साडेसहाची. आणि कच्चीच निघते हो, अर्धी पोरं झोपेतच असतात.

पण मंडळी, रविवार परवावर आलाय.

माझगावचा_मुक्काम
मराठी पाट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. त्यानंतर आमच्या गल्लीत काय झालं? 'वाइन शॉप', 'ब्युटी पार्लर', 'मोबाइल रिपेअरिंग अँड ॲक्सेसरीज'. सगळं देवनागरीत, ठसठशीत. लिपी मराठी झाली. तेव्हा 'मॅथ्स क्लासेस' देवनागरीत लिहिलंत तर तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही.

सेमीकोलन
सासरे ठेवतील.

उपासाची_मिसळ
शिवाय एका खोलीला 'क्लासेस' हे अनेकवचन कशाला? एकच खोली, एकच बाई, एकच फळा. पण 'क्लास' लिहिलं की अर्धवट वाटतं. आपल्याकडे 'क्लासेस' म्हणजे संस्था आणि 'क्लास' म्हणजे तास. "आमच्या क्लासेसचा आज क्लास नाही" हे वाक्य मी ऐकलंय, आणि मला ते पूर्ण कळलंही.

बोळातला_पंडित
'इयत्ता' शब्द पाटीवर जरूर घ्या. सुंदर शब्द आहे आणि आता फक्त फॉर्मवर उरलाय. संस्कृत 'इयत्' म्हणजे इतकं. इयत्ता म्हणजे 'इतकेपण'. मूल कुठवर आलंय त्याचं माप. क्लाससारखी त्यात पैशाची उतरंड नाही.

कोरा_कागद
काका, इयत्ता दहावीचं इतकेपण टक्क्यांतच मोजतात हो.

आजी_ऑनलाइन
आम्ही 'यत्ता' म्हणायचो. यत्ता चौथी, तुकडी ब. ब तुकडीत कोण असतं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. उतरंड कुठेही शिरते, पंडितजी.

बोळातला_पंडित
मान्य, आजी. तुकडी विसरलो.

बेरीजवजाबाकी
रविवार रात्र. पाटी लागली.

आजींचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला होता. नवरा गप्प बसला. सासरे म्हणाले, "शिकवणीच लिही. मोठ्या अक्षरांत लिही." तेव्हा वरती 'गणिताची शिकवणी', खाली 'इयत्ता आठवी ते दहावी'. इयत्ता पंडितजींची.

पेंटर मात्र नाखूश. शेवटची रेघ ओढून तीन पावलं मागे गेला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "ताई, खालच्या कोपऱ्यात बारीक 'क्लासेस' टाकू का? पैसे नको त्याचे. लोकांना कळायला पाहिजे ना कसली शिकवणी." मी नको म्हटलं. मुलीने तोवर फोनवरच्या नकाशात आमची जागा टाकून दिली होती. 'मॅथ्स क्लासेस' नावाने.

तिखटमीठ
म्हणजे नकाशावर क्लासेस, दारात शिकवणी. आणि मुलं काय म्हणतात?

बेरीजवजाबाकी
टूशन.

उपासाची_मिसळ
ती की तो?

बेरीजवजाबाकी
ती.

आजी_ऑनलाइन
पाटी छान झाली असणार. माझा नातू यंदा आठवीत गेला, नाहूरला राहतो. अपूर्णांक आले की रडतो. त्याला शिकवणी लावायची आहे. मुलुंड पूर्व की पश्चिम? संध्याकाळी जागा आहे का?

बेरीजवजाबाकी
आजी, पूर्व. सहाच्या बॅचला एक जागा आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. खोलीला पडदा नाहीये, चालेल ना?